सव्वादोन मिनिटांत नांदेड

इस्लापूरहून नांदेडला निघालेली गाडी हिमायतनगर, भोकर, मुदखेड करत करत दोन तास तरी खातेच. क्रॉसिंगला अडकली तर विचारूच नका. आता हेच अंतर आकाशातून मोजू. सरळ रेघ मारली तर ते ऐंशी किलोमीटरच्या आसपास भरतं. मिग-२१ हे विमान पूर्ण वेगात या रेघेवरून गेलं, तर त्याला किती वेळ लागेल? सव्वादोन मिनिटं! स्टेशनाबाहेर चहा सांगितला आणि तो उकळून कपात पडेपर्यंत विमान नांदेडच्या गुरुद्वाऱ्यावरून पुढं गेलेलं असेल.

मिग-२१ बिस या प्रकाराचा सर्वाधिक वेग तासाला २,१७५ किलोमीटर. एवढा आकडा एकदम पचत नाही, म्हणून तो फोडून घेऊ. मिनिटाला ३६ किलोमीटर होतात आणि सेकंदाला ६०० मीटर. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस इंजिनासकट मोजली तर साधारण तेवढीच लांब भरते. म्हणजे अख्खी गाडी, शेवटच्या डब्यापासून इंजिनाच्या दिव्यापर्यंत, एका सेकंदात मागं पडली. तुम्ही डोळ्याची पापणी लववलीत तेवढ्यात पावणेदोनशे मीटर गेले. मुंबई ते पुणे हवाई अंतर १२० किलोमीटर धरा, तीन मिनिटं वीस सेकंद लागतील. लोणावळा दोन मिनिटांच्या आतच मागं पडतो, चिक्की घ्यायची राहूनच जाते.

आणि आवाज? तो बिचारा मागूनच येणार. हे विमान १३ किलोमीटर उंचीवरून, ध्वनीच्या दुप्पट वेगानं बरोबर इस्लापूरच्या डोक्यावरून गेलं असं समजा. खाली बाजारात उभ्या असलेल्या माणसाला काहीच ऐकू येत नाही. पाच सेकंद, दहा सेकंद, वीस सेकंद, तरी चिडीचूप. ढोबळ हिशेबानं ३५ ते ४० सेकंदांनी धडाम् होतं, सहस्रकुंडापर्यंत पाखरं उडतात, माणसं वर बघायला लागतात, आणि तेव्हा विमान वीस-बावीस किलोमीटर पुढं, हिमायतनगरच्या आसपास पोचलेलं असतं!

वेगाचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण खरं चक्रावून जायला होतं ते हे सगळं कुठून चालतं ते बघितल्यावर. एक माणूस, दोन हात, दोन पाय. सोबतीला दुसरा वैमानिक नाही, जुन्या प्रकारांत तर संगणकही नाही. ज्या कॉकपिटात तो बसतो, ते ज्या धडात बसवलंय त्याचा व्यास सव्वा मीटरपेक्षा किंचित कमी. आपली तीनचाकी ऑटोरिक्षा १.३ मीटर रुंद असते. म्हणजे ध्वनीच्या दुप्पट वेगानं धावणाऱ्या या विमानाचं अंग रिक्षापेक्षा अरुंद आहे! पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, एसटी बस त्याहून कितीतरी लांब असते. नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी १५ मीटरच्या घरात.

चला, शिडी लावा आणि आत उतरा. हे कॉकपिट जुनं, घड्याळांचं. (पुढे १२५ विमानांचं 'बायसन' झालं, त्यात पडदे वगैरे आले. ते आपण सोडून देऊ, मजा घड्याळांतच आहे.) समोर काळ्या तबकड्या, पांढरे आकडे. डाव्या-उजव्या बाजूला खटक्यांच्या रांगाच रांगा. छताची काच बंद केली की तिच्या कडेची रबरी नळी दाबाच्या हवेनं फुगते आणि फट बुजून जाते. आणि या सगळ्या गर्दीत समोरच्या पाटीवर मधोमध एक उभी पांढरी रेघ रंगवलेली. हिचं काम काय? विमान गिरकी घेत खाली पडायला लागलं, आकाश कुठलं आणि जमीन कुठली हे कळेनासं झालं, की दांडा या रेघेच्या समोर आणून धरायचा. अब्जावधींच्या शस्त्रशर्यतीत तयार झालेलं विमान आणि त्यात जीव वाचवायला ब्रशानं ओढलेली एक रेघ! मला तर या सगळ्या यंत्रणेतली हीच सर्वांत जास्त आवडते.

आता तबकड्या वाचू. रशियन विमान, त्यामुळे सगळं किलोमीटर आणि मीटरमध्ये; फूट आणि नॉट यांची भानगड नाही. उंची दाखवणाऱ्या तबकडीवर आकडे कुठपर्यंत, तर तीस किलोमीटर. विमान तेवढं वर जात नाही, पण साडेसतरा किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतं. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. दहा कळसूबाया एकावर एक रचा, दहाव्या शिखरावर उभे राहा, तरी विमान तुमच्या डोक्यावरून हजारभर मीटर उंच जाईल. आणि चढायचा वेग? बिसचा सर्वाधिक वेग सेकंदाला २२५ मीटर. सेकंदाला! बारी गावातून भल्या पहाटे निघून, लोखंडी शिड्या चढून, धापा टाकत आपण कळसूबाई गाठतो. यानं ती उंची सात-साडेसात सेकंदांत पार केली. चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणाऱ्या तबकडीवरचे आकडे २०० मीटरला संपतात, म्हणजे काटा टेकतो आणि विमान अजून चढतच असतं.

शेजारीच वेग ध्वनीच्या पटीत सांगणारी तबकडी. तिचे आकडे अडीचपर्यंत, विमानाची मर्यादा दोनच्या थोडी पुढं. हा वेग गाठतात त्या उंचीवर बाहेरची हवा उणे ५६ अंश सेल्सिअस, हिमालयालाही हुडहुडी भरेल अशी. आणि तरीही नाकाच्या टोकावर हवा इतकी दाबली जाते, इतकी घासली जाते, की तिथलं तापमान सव्वाशे अंशांच्या घरात जातं. उणे ५६ च्या हवेतून जाताना नाकावर चहाचं आधण ठेवलं तर उकळेल. वेग वाढेल तसा नाकातला तो टोकदार शंकू आपोआप पुढं सरकतो आणि आत शिरणाऱ्या हवेला शिस्त लावतो. कसं ते इंजिनवाल्यांना विचारा, आपण पुढं जाऊ.

डावा हात. डाव्या हाताखाली थ्रॉटल. मूठभर आकाराची एक मूठ, पुढं ढकलायची, मागं ओढायची, संपलं. पण ती पुढं ढकलल्यावर मागं काय होतं ते ऐका.

इंजिनाची चाकं मिनिटाला अकरा हजारांहून जास्त फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला १८५ च्या आसपास. आणि ती हवा पितात. किती? सेकंदाला ६५ किलोच्या आसपास. हवेला वजन ते काय, असं वाटतं ना? ६५ किलो हवा म्हणजे जमिनीलगत चोपन्न-पंचावन्न घनमीटर. आपल्याकडची एखादी विहीर घ्या, वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल, मे महिन्यातली, म्हणजे तळाला गाळ आणि बाकी नुसती हवा. ही अख्खी विहीरभर हवा या इंजिनानं सहा सेकंदांत ओढून घेतली! मिनिटाला अशा दहा विहिरी. शिवारातल्या झाडून सगळ्या विहिरी एखाद्या दुपारीच संपतील. दुसऱ्या बाजूनं बघा. शांत बसलेला माणूस दिवसभरात अकरा घनमीटरच्या आसपास हवा आत घेतो. म्हणजे इंजिनानं एका सेकंदात जेवढी हवा घेतली, ती आपल्याला पाच दिवस पुरली असती.

आणि तेल? थ्रॉटल अगदी पुढं नेऊन आफ्टरबर्नर पेटवला, म्हणजे इंजिनाच्या मागच्या नळीत थेट तेल फवारून आग लावली, की जमिनीलगत सेकंदाला साडेपाच लिटरच्या वर तेल जळतं. बादली पंधरा लिटरची धरा, तीन सेकंदांच्या आत रिकामी. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर देते असं समजा. विमानानं 'एक' म्हणेपर्यंत जेवढं तेल जाळलं, तेवढ्यात तुम्ही नांदेडहून निघून छत्रपती संभाजीनगर गाठलं असतंत, वर शहरात दोन चकरा मारल्या असत्यात. रुपयांत करायचं? लिटरला शंभर रुपये धरून चला. सेकंदाला साडेपाचशे, मिनिटाला तेहतीस हजारांच्या वर. आतल्या टाक्यांत २,८८० लिटर मावतं. या चालीनं टाकी साडेआठ मिनिटांत कोरडी आणि दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार रुपये नळकांड्यातून धूर होऊन गेलेले!

उंचीवर हवा विरळ असते, तिथं तेलही कमी लागतं. तरी पूर्ण वेगाचा आनंद काही मिनिटांचाच. नांदेड ते मुंबई, ज्याला नंदीग्राम एक्स्प्रेसची अख्खी रात्र लागते, ते अंतर कागदावर तेरा मिनिटांचं आहे. पण आफ्टरबर्नर चालू ठेवून मुंबईला निघालेला वैमानिक तेलाच्या काट्याकडे बघत बसेल. म्हणूनच डावा हात कायम थ्रॉटलवर आणि डोळा कायम त्या काट्यावर.

बिसच्या इंजिनात आणखी एक जादा कळ आहे, अडीअडचणीला. नेहमीचा आफ्टरबर्नर ७,१०० किलोचा रेटा देतो. कमी उंचीवर जीवावर बेतलं तर त्याच्याही वरचा टप्पा, ९,९०० किलो, आणि तोही फक्त तीन मिनिटं. नव्व्याण्णव क्विंटल! कापसाची गाठ १७० किलोची, अशा अठ्ठावन्न गाठी एकदम मागून ढकलतायत असं समजा. भरलेल्या विमानाचं उड्डाणाच्या वेळचं नेहमीचं वजन पावणेनऊ टनांच्या आसपास. म्हणजे त्या तीन मिनिटांत रेटा वजनापेक्षा जास्त, विमानाला पंख असले काय आणि नसले काय, सारखंच.

उजवा हात. उजव्या हातात दांडा, गुडघ्यांच्या मधोमध उभा. बोटांनी हलवावा इतका हलका. पण इथंच खरा चमत्कार आहे. समजा विमान कमी उंचीवर तासाला १,३०० किलोमीटरनं चाललंय. बाहेरची हवा समोरच्या दर चौरस मीटरवर आठ टनांनी रेटतेय. चुकून हात बाहेर काढता आला असता, तर नुसत्या तळहातावर सव्वाशे किलो पडले असते. अशा वाऱ्यात शेपटीचे आडवे पंख, दोन्ही बाजूंचे, सगळेच्या सगळे फिरवायचे. कुठल्या पैलवानाच्या दंडाचं हे काम नाही. म्हणून हायड्रॉलिक. नळ्यांत तेल, दाब दर चौरस सेंटिमीटरला २१० किलो. मोटारीच्या टायरमध्ये असतो दोन-सव्वादोन किलो, म्हणजे जवळजवळ शंभरपट. तुमच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर तुरीची दोन भरली पोती! असे दोन वेगवेगळे संच, एक बसला तर दुसरा. त्यामुळे वैमानिकाच्या हाताला हवेचा जोर लागतच नाही. मग त्याला कळावं कसं, की आपण किती खेचतोय? त्यासाठी दांड्याला मुद्दाम स्प्रिंग लावून खोटा जोर दिलेला आहे. आणि वेग आणि उंची बघून त्या दांड्याचं माप बदलणारी एक वेगळी यंत्रणा. वेगात असताना शेपूट थोडी हलते, सावकाश असताना जास्त. संगणक नाही, इलेक्ट्रॉनिक्सचा ताम‌झाम नाही, १९५० च्या दशकातली डोकॅलिटी!

हा दांडा जोरात खेचला की विमान वळतं आणि वैमानिकाचं वजन वाढायला लागतं. दुप्पट, चौपट, आठपट. या पटीलाच 'जी' म्हणतात. सत्तर किलोचा गडी साडेपाच क्विंटलचा होतो. हेल्मेटसकट डोकं सहा-साडेसहा किलो, त्याचे झाले पन्नास. मानेवर सिमेंटचं एक पोतं! रक्त पायांकडे पळतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, म्हणून पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळणारा सूट अंगात असतो. जी वाढला की तो आपोआप फुगतो. आणि या अवस्थेत, सिमेंटचं पोतं मानेवर घेऊन, त्यानं तबकड्या वाचायच्या, मागं वळून शत्रू शोधायचा आणि अंगठ्यानं नेमकं बटण दाबायचं. आपल्याला एसटीत उभं राहून मोबाइलवर नंबर लावताना नाकी नऊ येतात.

वीज आपण झटक्यात उरकू. इंजिनाला जोडलेला जनरेटर १२ किलोवॅटचा, म्हणजे सोळा हॉर्सपॉवर. पाच हॉर्सपॉवरच्या तीन शेतीपंपांना पुरेल एवढीच वीज. आकडे आपल्या बाजूनं झुकलेले ही एकच जागा सापडली, म्हणून सांगितलं.

रडारची गोष्ट वेगळी. समोर छोटी काच, उन्हात दिसावी म्हणून रबरी टोपणाआड. जुन्या रडारची नजर वीस किलोमीटरच्या आसपास. वीस किलोमीटर म्हणजे खूप वाटतात. पण समोरून तेवढ्याच वेगाचं विमान येत असेल तर दोघं मिळून सेकंदाला १,२०० मीटर जवळ येतायत. वीस किलोमीटर सतरा सेकंदांत संपले. तेवढ्यात ठिपका दिसायचा, आपला की परका ओळखायचं, नेम धरायचा, आणि चुकलं तर बाजूला व्हायचं. तोफेचा हिशेब त्याहून चिमुकला. २३ मिलिमीटरची दोन नळ्यांची तोफ, मिनिटाला तीन हजारांवर फैरी, आणि जवळ गोळे किती? दोनशे! कळ दाबून धरली तर चार सेकंदांत तोफ मोकळी. दिवाळीतली लवंगी माळसुद्धा जास्त वेळ वाजते.

याच कॉकपिटात बसून १४ डिसेंबर १९७१ ला आपल्या मिग-२१ च्या वैमानिकांनी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं मारली. निघता निघता लक्ष्य बदललं, आणि शहरात ते घर नेमकं कुठं हे त्यांनी शोधलं ते पर्यटकांसाठी छापलेल्या ढाक्याच्या नकाशावर. तासाला शेकडो किलोमीटरनं धावणाऱ्या विमानात, गुडघ्यावर घडी घातलेला टुरिस्ट मॅप! दोनच दिवसांनी, १६ डिसेंबरला, ढाक्यात शरणागतीवर सह्या झाल्या.

आता सर्वांत मोठी कळ, जी कुणालाच ओढायची नसते. दोन मांड्यांच्या मधली, सीटची. ती ओढली की सीटखालचा स्फोट माणसाला सीटसकट बाहेर फेकतो. वीस जीच्या घरात. सत्तर किलोचे चौदा क्विंटल, सेकंदाच्या एका तुकड्यापुरते. त्याहून जास्त वेळ पाठीचा कणा सोसणार नाही. पण बाहेर पडल्यावर पुढं काय? तासाला अकराशे किलोमीटरचा वारा समोरून येतोय, दर चौरस मीटरला साडेपाच टनांहून जास्त. बसलेल्या माणसाच्या छाती-चेहऱ्यावर मिळून तीस क्विंटलच्या आसपास. याचं उत्तर जुन्या मिग-२१ एफएलमध्ये काय शोधलं होतं, ते ऐकून मी दोन वेळा खात्री करून घेतली. डोक्यावरचं काचेचं छत उडून जातच नाही! ते सीटला चिकटतं, वैमानिकासमोर ढालीसारखं उभं राहतं आणि त्याच्याबरोबर बाहेर जातं. वाऱ्याचा मार त्या काचेनं खायचा. वेग ओसरला की छत सुटतं, मग सीट, मग हवाई छत्री. कल्पना झकासच, पण एवढं सगळं एकापाठोपाठ एक घडायला उंची हवी, ११० मीटर तरी. म्हणजे तीस-पस्तीस मजली इमारतीएवढं अंतर खाली शिल्लक पाहिजे. धावपट्टीजवळ एवढं कुठून आणणार? पुढच्या प्रकारांत नवी सीट आली. तिला उंचीची गरज नव्हती, फक्त वेग ताशी १३० किलोमीटर असला तरी भागायचं. आकड्यांच्या या खेळात इथं मात्र हसू येत नाही. या विमानांनी किती वैमानिक गिळले ते देशाला ठाऊक आहे, आणि त्यातल्या कित्येकांना कमी पडले ते काही मीटर आणि काही दशांश सेकंद.

उतरणं. तासाला पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं चाकं धावपट्टीला टेकतात. वजन साडेसहा टन. आता थांबा म्हणावं त्याला! माणसांनी खच्चून भरलेली एसटी, पंधरा टनांची, ताशी साठनं येतेय आणि ती थांबवायचीय. अशा नऊ एसट्या एकदम थांबवायला जेवढा जोर लागेल, तेवढा या एका विमानाला लागतो. आणि ब्रेक कुठं आहे? पायाखाली नाही, दांड्याला. सायकलच्या ब्रेकसारखा एक चिमटा, त्याच उजव्या हातातल्या दांड्यावर. तो दाबला की दाबाची हवा चाकांकडे धावते आणि 'फुस्स' असा आवाज होतो. पुढचं चाक स्वतःहून वळत नाही. पाय जिकडे दाबाल त्या बाजूचं चाक जास्त धरलं जातं आणि विमान तिकडे वळतं. बैलगाडी वळवताना एका बैलाचा कासरा खेचावा तसंच. वर शेपटीतून सुटणारी हवाई छत्री असते, ती उघडली की नऊ एसट्यांतल्या बऱ्याचशा तिनंच धरल्या.

असं हे एक विमान. आणि अशी किती? भारतीय हवाई दलात १९६३ मध्ये चंदीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये मिग-२१ आलं, आणि पुढे आपल्याकडे मिळून आठशे सत्तरच्या वर झाली. त्यातली ६५७ भारतातच तयार झाली. नाशिकजवळच्या ओझरला, १९६४ मध्ये उभ्या राहिलेल्या कारखान्यात. तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण आणि नाशिकमधूनच ते १९६३ मध्ये लोकसभेवर बिनविरोध गेले होते. द्राक्षबागांच्या मधोमध एक आख्खं गाव उभं राहिलं. त्या भागात 'ओझर मिग' म्हटलं की आजही पत्ता पुरा होतो. इंजिनं ओडिशातल्या कोरापुटहून यायची, बाकीचं इथं जुळायचं. त्या अरुंद धडात हात घालून, पाहिल्यावर घेरी यावी अशा तारांच्या जुडग्यांतून एकेक तार योग्य खटक्याला आणि एकेक नळी योग्य तबकडीला जोडणारे हात आपल्या मराठी गावांतून आलेल्या कामगारांचे होते.

आता शेवटचा हिशेब, सगळ्यांत मोठा. जगात सोव्हिएत संघ, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत मिळून अकरा हजारांच्या वर मिग-२१ बांधली गेली. आवाजापेक्षा वेगवान दुसरं कुठलंही विमान एवढ्या संख्येनं बनलेलं नाही. ओझरची ६५७ नाकाला शेपूट लावून उभी केली तर रांग दहा किलोमीटरची होते. आपल्या हवाई दलाची सगळी घेतली तर तेरा किलोमीटर. आणि जगातली? गेटवे ऑफ इंडियापाशी पहिलं उभं करा. पनवेल, रांग चालूच. खोपोली, घाट, लोणावळा, तळेगाव, पिंपरी, शनिवारवाडा, सगळीकडे नाकाला शेपूट, नाकाला शेपूट! दीडशे किलोमीटरचा मुंबई–पुणे रस्ता भरला आणि पंधरा किलोमीटरची विमानं अजून हातात उरली, ती सोलापूर रस्त्यावर लावा. एकेका विमानाची सेकंदाला पंचावन्न घनमीटर हवा, अकरा हजारांची सहा लाख घनमीटर. सगळी इंजिनं एकदम पेटवली तर सेकंदाला पावणेदोन हजार विहिरी रिकाम्या, सेकंदाला साठ लाख रुपयांचं तेल जळून खाक! आणि प्रत्येक विमानात एकच माणूस, एक डावा हात, एक उजवा हात, आणि समोर ती पांढरी रेघ.

भारतातल्या मिग-२१ नं बासष्ट वर्षं काढली. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनची शेवटची विमानं निरोप घेऊन उतरली. त्यानंतर ओझरच्या धावपट्टीवरून, तिथंच बांधलेलं पहिलं तेजस मार्क-१ए आकाशात गेलं, १७ ऑक्टोबर २०२५ ला. एका तारखेपासून दुसरीपर्यंतचं अंतर दिवसांत मोजून बघा, बरोबर एकवीस भरतं.